व्हिडिओवरून बाईक फिटिंग होतं: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात तोच एक मेसेज मला चार सायकल ग्रुपवर आला. थोडक्यात असा: व्हिडिओ पाठवून बाईक फिटिंग (सायकलची सीट, हँडल अंगाच्या मापाने लावणं) करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मोबाइलवरून गुडघ्याचे वगैरे कोन मोजता येत नाहीत, त्याला थ्रीडी मशीनच लागतं. फिटरचा हात लागल्याशिवाय फिटिंग होत नाही. ट्रेनरवर (सायकल एका जागी लावून चालवायच्या स्टँडवर) बसवलेली पोझिशन रस्त्यावर चालत नाही. त्यापेक्षा इनसीमला (जांघेपासून जमिनीपर्यंतच्या पायाच्या मापाला) 0.883 ने गुणा, सीट तिथे लावा, बाकी सगळं सवयीने होतं. आणि खाली अंगठ्यांची ही रांग.

मी सांगलीची. गोव्याची 70.3, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ट्रायथलॉन केली आहे, आता फुल आयर्नमॅनची तयारी चालू आहे, म्हणजे 3.8 किलोमीटर पोहून झाल्यावर 180 किलोमीटर सायकल आणि मग 42.2 पळायचं. माझं आत्ताचं फिटिंग पूर्ण व्हिडिओवरून झालंय आणि त्याआधी एकदा पुण्यातल्या एका स्टुडिओत जाऊनही झालं होतं, त्यामुळे दोन्ही बघून बोलतेय. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर इथल्या नवीन पोरापोरींनी हा मेसेज वाचून फॉर्म्युल्यावर सीट लावावी आणि गुडघा घेऊन बसावं हे मला बघवत नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

पहिला मुद्दा, मोबाइलवरून कोन मोजता येत नाहीत. येतात. कसेही उभे राहून काढलेल्या व्हिडिओवरून येत नाहीत हे खरं, पण मेसेजमध्ये तसं म्हटलेलं नाही, सरसकट येतच नाहीत म्हटलंय. मी कसं केलं ते सांगते. हॉलमधला दिवाण बाजूला सरकवला, सायकल ट्रेनरवर लावली, पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही चाकं एका लेव्हलला आणली. फोन चार मीटर लांब, स्टुलावर पितळी डबा आणि त्याला टेकवून, उंची माझ्या कमरेच्या जरा खाली, आणि सायकलला बरोब्बर काटकोनात. मग घोट्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, मांडीचं हाड खुब्यात जिथे हाताला लागतं ती जागा, खांदा, कोपर, मनगट अशा सहा ठिकाणी लाल टिकल्या लावल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घामाने गुडघ्यावरची टिकली घोट्यापर्यंत आली, दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनची पांढरी टेप गोल कापून चिकटवली, ती शेवटपर्यंत टिकली.

आता फ्रेमचा हिशोब करा. 90 च्या कॅडन्सला, म्हणजे मिनिटाला 90 फेरे मारताना, पेडल सेकंदाला दीड फेरा मारतं. साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत एका फेऱ्याला 20 फ्रेम येतात, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे पेडल 18 डिग्री पुढे गेलेलं असतं, तळाचा नेमका क्षण हातातून सुटू शकतो. 60 वर ठेवलं की 9 डिग्री. आणि आता बऱ्याच फोनमध्ये असलेल्या 240 च्या स्लो मोशनला सव्वादोन डिग्री. एवढ्यात पाय तळाला असतानाची फ्रेम आरामात मिळते. त्यावर रेघा मारून कोन मोजायला शाळेतलं कोनमापकसुद्धा चालेल.

थ्रीडी मशीनबद्दल आदरानेच बोलते, ते एका वेळी तिन्ही दिशांची हालचाल पकडतं आणि फिटरचा वेळ वाचवतं. पण त्याचेही मार्कर माणूसच हाताने हाडावर चिकटवतो. मांडीची लांबी साधारण 42 सेंटिमीटर धरली आणि खुब्यावरचा मार्कर दीड सेंटिमीटर सरकून लागला तर गुडघ्याचा कोन 2 डिग्रीने चुकतो, मग मशीन कितीही महागाचं असो. आणि मुळात गुडघ्यासाठी लक्ष्य काय असतं? पाय तळाला ठेवून स्थिर मोजलं तर 25 ते 35 डिग्री वाक, चालत्या पेडलवर त्याहून थोडा जास्त. म्हणजे आकडाच दहा डिग्रीच्या पट्ट्याचा आहे, त्यात एक-दोन डिग्रीची चूक धरून आभाळ कोसळत नाही. सीट एक सेंटिमीटर वर घेतली की गुडघ्यात साधारण चार डिग्रीचा फरक पडतो, तो व्हिडिओत स्वच्छ दिसतो. फिटरला हवं असतं ते आधीचं आणि नंतरचं, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, तीच टेप लावून. म्हणून माझ्या हॉलच्या फरशीवर स्टुलाच्या तीन पायांच्या खुणा अजून आहेत, पुसू देत नाही मी कुणाला. गुडघा आत पडतो का बाहेर जातो, कंबर सीटवर डावी-उजवीकडे हलते का, हे समोरून आणि मागून काढलेल्या व्हिडिओत नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

हात लागण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करते. क्लीट (शूजच्या तळाला पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) मला माझ्या हाताने फिरवाव्या लागल्या, माझ्या फिटरने व्हिडिओ कॉलवर बघत बघत सांगितलं, तरी तीन खेपा लागल्या. दोन्ही पायांची लांबी खरोखर कमी-जास्त आहे का हे लांबून सांगता येत नाही. सीटवर दाब कुठे येतो त्याचा नकाशा काढणारी चादर घरी नसते. स्टुडिओत पाच-सहा सीट आलटून पालटून बसून बघता येतात, सांगलीत मला त्या मैत्रिणींकडून मागून आणाव्या लागल्या. आणि ज्याला गुडघ्याचं जुनं ऑपरेशन आहे, पाठीतून पायात कळ जाते, त्याने आधी फिजिओकडे जायचं, फिटर जवळचा की लांबचा हा प्रश्नच नंतरचा.

पण ‘हात लागल्याशिवाय होतच नाही’ हे नाही पटत. लवचीकपणाच्या चाचण्या, म्हणजे उताणं झोपून पाय सरळ वर उचलणं, एका पायावर अर्धं बसणं, उभ्याने वाकून हात पायाला लावणं, हे सगळं तिने कॉलवर करून घेतलं. आणि एक गोष्ट बायकांसाठी उघडच लिहिते. पुण्याच्या स्टुडिओत मला सीटवर नेमकं कुठे दुखतं ते सांगताच आलं नाही. समोर माणूस सज्जन होता, काम व्यवस्थित करत होता, पण आजूबाजूला आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि मी ‘थोडं अनकम्फर्टेबल आहे’ एवढंच बोलले. त्याने ऐकलं ते एवढंच, मग फिटिंगही तेवढंच झालं. व्हिडिओवरून करायचं ठरलं तेव्हा मी बंगळुरूची बाई फिटर निवडली, जी स्वतः लांबच्या ट्रायथलॉन करते, आणि तिला पहिल्याच कॉलवर सगळं स्पष्ट सांगितलं. नाक कापलेली, पुढे दोन फाटे असलेली सीट तिनेच सुचवली. एरोबारवर (कोपरं टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांवर) वाकलं की कंबर पुढे झुकते आणि वजन बसायच्या हाडांवरून पुढच्या मऊ भागावर येतं, साधी रोड सीट तिथेच रुतते, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या गावात जो फिटर आहे त्याच्याकडेच जायचं ही अडचण इथे राहत नाही, आणि आमच्या गावात तर तोही नाही.

तिसरा मुद्दा ट्रेनर आणि रस्त्याचा. अहो, स्टुडिओतसुद्धा सायकल ट्रेनरवरच लावतात! नाहीतर एका जागी उभ्या असलेल्या फिट बाईकवर बसवतात. रस्त्यावर सहसा कुणी मोजत नाही. त्यामुळे हा मुद्दा धरला तर सगळंच फिटिंग बंद करावं लागेल. उलट माझा सगळ्यात मोठा अनुभव इथलाच आहे. स्टुडिओत तुम्ही ताजेतवाने जाता, पोट रिकामं, रात्रीची झोप झालेली, दोन-अडीच तासांत काम उरकतं आणि त्यातली सलग सायकल जेमतेम वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत कुणीही सुंदर वाकून बसतं. 180 किलोमीटरच्या पाचव्या तासाला काय होतं ते तिथे कोण बघणार?

तिने मला सांगितलं, रविवारची लांब राईड झाली की चपलासुद्धा घालू नकोस, शूजवरच घरात ये, सायकल थेट ट्रेनरवर चढव आणि दहा मिनिटं शूट कर. चार तास करून आले होते, बाटल्या संपलेल्या, तोंडावर मीठ. तो व्हिडिओ आणि सकाळी निघायच्या आधीचा व्हिडिओ तिने शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोलायची गरजच पडली नाही. सकाळी मी सीटच्या मध्यावर होते, दुपारी पार टोकावर घसरलेले, खांदे कानाला लागलेले, मान लोंबकळत होती, दर मिनिटाला एकदा मागे सरकत होते. म्हणजे पुढचे हात ठेवायचे पॅड जास्त लांब होते आणि जास्त खालीही. तिने पॅड 15 मिलिमीटर वर आणि 10 मिलिमीटर जवळ घ्यायला लावले, दोन आठवडे चालवायला सांगितलं, मग परत तसाच दमून आल्यावरचा व्हिडिओ. असे चार फेरे झाले. स्टुडिओत दुसऱ्यांदा जायचं म्हटलं तर दोनशेवर किलोमीटर जाणं, तितकंच येणं, एक रजा आणि सायकल न्यायची सोय, त्यामुळे माणूस एकदाच जातो आणि जे मिळालं त्यावर वर्ष काढतो. फिटिंग हे कपडे शिवण्यासारखं आहे हो, पहिल्या मापाला कुठला ब्लाऊज नीट बसलाय.

कुणी म्हणेल पॅड वर घेतले म्हणजे हवा जास्त लागणार. हवेचा बहुतेक अडथळा आपल्या शरीराचाच असतो हे खरंच, पण ते खाली वाकणं टिकलं तर उपयोग. आयर्नमॅनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवता येत नाही, सगळा वारा एकटीने खायचा असतो, आणि जी खूप खाली बसते ती शंभर किलोमीटरनंतर उठून साध्या हँडलला हात लावते. पाच तासांपैकी दोन तास उठून बसणारीपेक्षा 15 मिलिमीटर वर बसून पाचही तास टिकणारी पुढे जाते, आणि खाली उतरल्यावर तिला अजून मॅरेथॉन पळता येते.

आता तो फॉर्म्युला. इनसीम गुणिले 0.883 ही जुनी रीत आहे, रोड सायकलवर सुरुवातीला सीट कुठे लावू म्हणून ठीकच आहे. इनसीम 80 असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 70.6 सेंटिमीटर. पण त्यात क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 165 मिलिमीटरचा आहे की 172.5 चा हे कुठे आहे? शूजचा तळ किती जाड, सीट किती दबते, पाय कसा टेकवता, टाच वर की खाली, काहीच नाही. आणि ट्रायथलॉनला सीट रोडपेक्षा बरीच पुढे घेतात, जेणेकरून वाकल्यावर मांडी पोटावर आदळू नये. सीट 3 सेंटिमीटर सरळ पुढे घेतली की बॉटम ब्रॅकेटपासूनचं अंतर जवळपास 8 मिलिमीटरने कमी होतं, म्हणून सीट वरही घ्यावी लागते. वर घेणं विसरलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं आणि माणूस म्हणतो ट्रेनिंग जास्त झालं. फॉर्म्युला फक्त उंची सांगतो. लांबच्या ट्रायथलॉनमध्ये बरीच दुखणी सीट पुढे-मागे, पॅड किती लांब, किती रुंद, क्रँक केवढा यातून येतात. माझे क्रँक 170 वरून 165 केले तेव्हा पाय वर आल्यावर कंबरेतली घडी मोकळी झाली आणि राईडमध्ये खाल्लेलं एनर्जी जेल पोटात राहायला लागलं, हे कुठल्या गुणाकारात बसवणार?

आणि ‘सवयीने होतं’ या वाक्याचा मला खरंच राग येतो. पार्श्वभाग थोडा दुखणं वेगळं, ते दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. पण खालचा भाग बधिर होणं ही नस दाबली जात असल्याची खूण आहे, बायकांनाही आणि पुरुषांनाही, आणि तिला सवय करून घ्यायची नसते. मी सहा महिने सवय करत होते. राईडवरून आल्यावर दोन-दोन तास बधिरपणा जायचा नाही आणि मी घरात कुणाला सांगत नव्हते, कारण ग्रुपवर सगळे म्हणायचे सगळ्यांचंच होतं. असं होत असेल तर त्याच दिवशी सीटचं नाक थोडं खाली करा, एरोबारवरून मधून मधून उठा, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा, फिटरची वाट बघू नका.

व्हिडिओवाला फिटर निवडताना मी एवढंच बघेन: तो एकदाच रिपोर्ट पाठवून मोकळा होतो की बदल करून परत व्हिडिओ मागतो, आणि पहिला प्रश्न कोनाचा विचारतो की तुमच्या दुखण्याचा आणि रेसचा. नुसता फोटो मागून पाच मिनिटांत आकडे पाठवणारे पण आहेत, त्यांच्यामुळेच असले मेसेज फिरतात.

एक फायदा मला आधी कळलाच नव्हता. सगळी मापं स्वतः घ्यावी लागल्यामुळे ती आता माझ्या वहीत आहेत. बॉटम ब्रॅकेटपासून सीटचं टोक किती मागे, माथा किती वर, पॅड किती लांब, किती उंच, कोपरात किती अंतर. सीटपोस्टवर जिथे पकड येते तिथे टेपचा एक वेढा. गोव्याला जाताना सायकल खोलून गाडीत टाकली, मिरामारजवळच्या हॉटेलात रात्री नऊ वाजता परत जोडली, शिंप्याची नाही, लोखंडी टेप घेऊन मोजली तर सीट 4 मिलिमीटर खाली बसली होती. अ‍ॅलन कीने वर घेतली आणि झोपले.

सांगली-मिरजेत कुणाला शूटिंगसाठी दुसरा माणूस हवा असेल तर मला मेसेज करा, रविवारी दहानंतर मी मोकळी असते. पांढरी टेप आणि ठोकळा माझ्याकडे आहे, स्टूल तेवढं तुमचं घ्या.