प्रश्न खुर्ची ढकलणाऱ्याला विचारावा

अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्यापासून व्हीलचेअर वापरणाऱ्या वहिनींना दिवस गेलेत असं कळलं, की अभिनंदनाची घाई करू नका. आधी चेहरा पाडा आणि विचारा, "कसं काय?" उत्तर सगळ्यांच्या बाबतीत एकच असतं, तरी विचारा. पाठोपाठ, "बाळही असंच निघालं तर?" अपघात वारशानं मिळत नाही. पण काळजी वाटायला एवढं शास्त्र कशाला हवं!

तपासणीला सोबत जा. "यांना लघवीला त्रास होतो का?" असं नर्स तुम्हालाच विचारेल. बेधडक उत्तर द्या. पाय हलत नाहीत म्हणजे ऐकूही येत नसणार. काट्यावर उभं राहता येत नाही? मग वजन अंदाजे लिहू द्या. खुर्चीसकट वजन करून रिकाम्या खुर्चीचं वजा करता येतं, पण त्यासाठी खुर्ची मावेल असा काटा आणावा लागतो आणि वर वजाबाकी! टेबल उंच असेल तर दोघांनी बगलेत हात घालून उचला. टेबलावर सरकायची त्यांची स्वतःची रीत असेल. विचारत बसलात तर वेळ जाईल.

खरी कसोटी पुढे आहे. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल, तर लघवी तुंबली किंवा कळा सुरू झाल्या एवढ्यानंही रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लालबुंद होतो, घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि यात जीवही जाऊ शकतो. वहिनी सांगतील, "मला बसतं करा, कॅथेटरची नळी दुमडलीय का बघा, डॉक्टरांना बोलवा." तुम्ही म्हणा, "घाबरू नका, पडा जरा." (आडवं केलं की दाब आणखी चढतो. पण बरं नसलेल्या माणसाला आडवं करायचं नाही, तर करायचं काय?)

सिझेरियनच होणार, हे सगळ्या नातेवाइकांना कळवून टाका. केवळ खुर्ची आहे म्हणून ते लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले तर डॉक्टर बदला.

आणि इजेमुळे कळा दुखतच नाहीत तर पाठीतली भूल कशाला, असं भूलतज्ज्ञांना ठणकावून विचारा. ती भूल दुखू नये म्हणून नाही, रक्तदाब उसळू नये म्हणून असते, हे वहिनींनी सातव्या महिन्यातच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही नर्सला उत्तर देत होता.