आबा, तू झाड हो

आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात, तसं इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत दुसरं महायुद्ध असतं. त्यातून सुटका नाही. युद्धात बॉम्बच्या भीतीने लंडनहून खेड्यात धाडलेल्या मुलांसारखे कपडे घालून, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून पोरं शाळेत जातात. तेवढ्यावर भागलं असतं, पण यंदा नातवाला गृहपाठ मिळाला : घरातल्या सर्वांनी एक दिवस युद्धकाळातल्या रेडिओच्या वेळापत्रकाप्रमाणे घालवा. घरातले सर्व म्हणजे मी. लेक आणि जावई शनिवारीही लॅपटॉपमागे लपू शकतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या म्हाताऱ्याने लपावं कुठे?

१ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीने टेलिव्हिजन बंद केला, रेडिओचे निरनिराळे कार्यक्रम गुंडाळले आणि सगळ्या देशाला मिळून एकच 'होम सर्व्हिस' दिली. पहिले काही आठवडे तिच्यावर काय होतं, तर बातम्या, तबकड्या आणि सँडी मॅकफर्सन नावाच्या गृहस्थांचा ऑर्गन. बातम्या संपल्या की ऑर्गन, ऑर्गन संपला की बातम्या. बॉम्बच्या धास्तीने अंधारात बसलेल्या लोकांनी ऑर्गनविरुद्ध तक्रारी केल्या. नातवाने तोच ऑर्गन इंटरनेटवरून काढून सकाळी माझ्या उशाशी लावला, तेव्हा त्या तक्रारींवर मीही सही केली असती.

मग व्यायाम. तेव्हा पुरुषांचा आणि बायकांचा व्यायाम रेडिओवर वेगवेगळा असे. आमच्या घरात बायकांचा रद्द झाला, कारण सौ.ने "मला स्वयंपाक आहे" असं एका वाक्यात सांगून टाकलं. पुरुषांचा मात्र झाला.

सव्वाआठला 'किचन फ्रंट'. रेशनमध्ये काय शिजवायचं हे सांगणारा पाच मिनिटांचा कार्यक्रम. १९४० च्या जुलैपासून चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम सत्तावन्न ग्रॅम. नातवाने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला, त्याला सातांनी भागलं आणि माझ्या वाट्याची चिमूट बशीत ठेवली. तो चहा नव्हता, तीर्थ होतं. जेवायला लॉर्ड वुल्टन या अन्नमंत्र्यांच्या नावाचा 'वुल्टन पाय' हा भट्टीत भाजलेला पदार्थ निघाला : बटाटे, गाजर, फ्लॉवर, सलगम, ओट्स, वर पुन्हा बटाटे. फोडणीचा पत्ता नाही.

इथे मी चाल खेळलो. "याच कार्यक्रमात आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे बोलायच्या," म्हटलं. हे अगदी खरं आहे. जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या प्रसारणात होते, तिथे त्या त्यांच्याबरोबर काम करत. आणि मांस मोजूनमापून मिळणाऱ्या इंग्रज गृहिणींना त्यांनी 'किचन फ्रंट'वरून भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले होते. नातू विचारात पडला. सौ.ने तेवढ्यात मोहरी तडतडवली. दुसऱ्या महायुद्धात मराठी माणसाने मिळवलेला हा विजय इतिहासाच्या पुस्तकांत का नाही, कळत नाही.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. जून १९४० पासून कारखान्यांसाठी रोज सकाळ-दुपार अर्धा अर्धा तास संगीत. लय एकसारखी हवी, कामगाराला पेंग येता कामा नये. टेक्सासवरच्या एका गाण्यात टाळ्या होत्या. टाळ्यांच्या जागी कामगार हातातलं काम सोडून पान्यांनी यंत्रं बडवतील म्हणून ते गाणंच बंद केलं! माझ्यापुढे मेथीच्या जुड्या आल्या. काम संपत नव्हतं आणि बॅंडही थांबत नव्हता. आपल्या विविधभारतीने निदान अशी घाई कधी केली नाही. ऐकत ऐकत माणूस सुखाने झोपू शकत असे.

अकराला शाळेचे कार्यक्रम. शनिवारी ते नसत, हे मी पुराव्यानिशी मांडलं. "आबा, युद्धात चालतं," असा निकाल मिळाला. गावोगाव विखुरलेल्या मुलांना एकाच वेळी एकच गाणं म्हणता यावं म्हणून सप्टेंबर १९३९ मध्येच 'सिंगिंग टुगेदर' सुरू झालं होतं. ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि मी जोरात गायलो. शेजारच्या बाईंनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. त्यानंतर 'म्युझिक अँड मूव्हमेंट'. त्यात संगीताबरोबर मुलांनी हालचाली करायच्या, पाऊस व्हायचं, वारा व्हायचं.

"आबा, तू झाड हो."

झालो. गुडघे दुखणारं झाड. त्यावर वारा सुटला, म्हणजे नातूच अंगावर धावून आला. फांद्या वर धरून किती वेळ उभं राहायचं, याला वेळापत्रकात उत्तर नव्हतं.

नाटकाची जबाबदारी रात्री. युद्धाच्या सुरुवातीला बीबीसीचा नाट्यविभाग लंडन सोडून इव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टन नावाच्या वाड्यात गेला, आणि नंतर मॅंचेस्टरला. आमचा नाट्यविभाग सोफ्यामागे होता. मला घोडा मिळाला. घोड्याच्या टापांसाठी रेडिओवाले नारळाच्या करवंट्या वापरत, म्हणून गुजराती दुकानातून नारळ आणला होता. खोबऱ्याची चटणी झाली आणि मी चाळीस मैल दौडलो.

नऊच्या बातम्याही मीच वाचायच्या. १९४० पासून निवेदक आपलं नाव सांगू लागले; जर्मनांनी केंद्र ताब्यात घेतलंच तर ओळखीचा आवाज कोणता ते लोकांना कळावं म्हणून. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला ब्रॉडकास्टिंग हाऊस या बीबीसीच्या लंडनमधल्या मुख्यालयात पडलेला बॉम्ब नेमका नऊच्या बातम्या चालू असताना फुटला. सात कर्मचारी गेले. ब्रूस बेलफ्रेज यांनी क्षणभर थांबून पुढची ओळ वाचली. हे वाचल्यावर दिवसभराची कुरकूर मी जरा आवरती घेतली. मीही गंभीरपणे नाव सांगितलं, वाचायला लागलो आणि आत सौ.च्या हातून परात पडली.

"थांबू नकोस!" नातू ओरडला. नाही थांबलो.

शेवटचा प्रश्न होता : घरातल्या वडीलधाऱ्यांची युद्धाची आठवण. मी सांगितली. १९७१, काचांना चिकटवलेले काळे कागद, ट्रान्झिस्टरभोवती जमलेलं घर, कंदिलाच्या उजेडात अभ्यास. नातवाने भराभर लिहून घेतलं, फक्त सन कुठेच घातला नाही. आता त्याच्या बाईंचा निरोप आलाय : दुसऱ्या महायुद्धाचे प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून आजोबांनी वर्गात यावं, आणि जमल्यास आपलं गॅस मास्क घेऊन यावं.