२१ दिवसांची बॅच आणि पाण्याला घाबरणारं मूल

जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणावर एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हा पेटलेला वाद आता दर पावसाळ्यात परत येतो. एक बाजू म्हणते, धबधबे आणि धरणं बंद करा. दुसरी म्हणते, आम्हाला काकांनी कमरेला दोर बांधून विहिरीत ढकललं आणि चार दिवसांत आम्ही पोहू लागलो. हल्लीची मुलंच नाजूक. जर्मनीत बसून हे वाचताना जाणवतं की दोघंही एक प्रश्न टाळताहेत. पाण्याला घाबरणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला शिकवायचं कुठे आणि कोणत्या क्रमाने?

धबधब्यावरची बंदी मला मान्य आहे. लोंढ्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. पण मुलं विहिरीत, खाणीच्या खड्ड्यात आणि शेततळ्यातही बुडतात. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळला की इतका निसरडा होतो की पोहता येणारालाही वर चढता येत नाही. काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडणं हा तिथला सर्वांत स्वस्त उपाय. बंदीचा फलक तिथे कोण वाचणार?

जर्मनीत १९१२ च्या जुलैमध्ये र्‍यूगेन बेटावरच्या बिन्झ गावी समुद्रातला धक्का कोसळला आणि डझनाहून जास्त माणसं बुडाली. पुढच्याच वर्षी डीएलआरजी ही जीवरक्षकांची संघटना उभी राहिली. ती आजही बुडणाऱ्यांना वाचवते आणि पोहायलाही शिकवते. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. पोहण्याच्या वर्गांसाठी कित्येक महिने, कुठे वर्षभरही थांबावं लागतं, आणि २०२२ मध्ये याच संघटनेने करून घेतलेल्या पाहणीत प्राथमिक शाळेच्या वयातली २० टक्के मुलं न पोहणारी निघाली; २०१७ मध्ये हा आकडा १० टक्के होता.

तरीही इथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ‘पोहता येतं’ म्हणजे नेमकं काय येतं, हे इथे ठरलेलं आहे. समुद्रघोड्याचं चित्र असलेला पहिला बिल्ला, झेपफेर्डशेन, मिळवायला काठावरून उडी मारून २५ मीटर पोहावं लागतं, खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू हाताने वर काढावी लागते आणि पाण्याजवळचे नियम सांगावे लागतात. पण तो मिळाला की पालक निर्धास्त होतात, आणि तिथेच चुकतं. डीएलआरजीच्या मते सुरक्षित पोहणारा तो, ज्याला पुढचा ब्राँझ बिल्ला मिळाला. त्यासाठी १५ मिनिटं न थांबता किमान २०० मीटर पोहायचं आणि सुमारे दोन मीटर खोल बुडी मारून वस्तू आणायची. आपल्याकडे उन्हाळी बॅच २१ दिवसांनी संपते. मूल कुठवर आलं, याच्याशी त्या तारखेचा काही संबंध नसतो.

घाबरणाऱ्या मुलाचं गणित तर या बॅचमध्ये बसतच नाही. त्याला आधी कोमट आणि उथळ पाणी हवं. शिकाऊ मुलांसाठी ३० ते ३२ अंश तापमान आणि कमरेएवढी खोली चांगली. सकाळी सहाला उघड्या तलावाचं पाणी गार असतं. मूल कुडकुडतं आणि मोठ्यांना वाटतं, घाबरलं. बॅच निवडता येत असेल तर दुपारनंतरची घ्या.

पहिली पायरी घरच्या न्हाणीघरातच होते. तांब्याने डोक्यावरून पाणी घेताना डोळे न पुसणं, मग बादलीत तोंड घालून बुडबुडे सोडणं आणि नाकाने गुणगुणणं. गुणगुणत असताना नाकात पाणी शिरत नाही, हे मुलाला एकदा कळलं की निम्मी भीती ओसरते. (बादलीपाशीही मुलाला एकटं सोडायचं नाही.) तलावात पुढची पायरी पाठीवर तरंगण्याची. इथे अडतं ते कानात पाणी गेल्यामुळे: मूल डोकं उचलतं, डोकं उचललं की कंबर खाली जाते, आणि त्याला वाटतं आपण बुडालो. शिकवणाऱ्याचा तळवा डोक्यामागे हवा, पाठीखाली नको, आणि मुलाची नजर वर आभाळाकडे.

घाईच्या वर्गात हमखास गळणारी पायरी म्हणजे तरंगताना परत उभं राहणं. गुडघे छातीशी घ्यायचे, हात खाली दाबायचे, डोकं पुढे आणायचं, पाय टेकवायचे. हे न येणारं मूल आडवं व्हायलाच तयार होत नाही, कारण तिथून परत कसं यायचं हे त्याला माहीत नसतं. पोटावर आणि पाठीवर दोन्हीकडून हे जमलं, की मगच भिंतीला पायाने रेटा देऊन पाण्यावर आडवं सरकत जाणं आणि त्यानंतर लाथा. आपल्याकडे सुरुवातच लाथांपासून होते: बारा मुलं कठडा धरून पाणी उडवतात आणि त्यातली भित्री दोन मान उंच ठेवून तेवढंच शिकतात.

दंडावरचे फुगे आणि तरंगण्यासाठी पाठीला बांधतात तो डबा यांबद्दल माझं मत कडक आहे. दंडावरचे फुगे मुलाला उभं धरतात. पोहताना आडवं असावं लागतं, आणि बुडणारं माणूस नेमकं उभं असतं. डबा आडवं ठेवतो खरा, पण आपल्याला पाणी नव्हे, डबाच उचलतो, हे मुलाच्या मनात बसतं. तो सोडवण्यात मग बॅचचा शेवटचा आठवडा जातो. जबरदस्तीने बुचकळणं तर पूर्ण वर्ज्य. श्वास घेत असतानाच पाणी गेलं की ठसका लागतो, आणि दुसऱ्या दिवशी मूल काठावरच बसून राहतं.

क्लास ठरवण्यापूर्वी एक तास काठावर बसून पाहा. शिकवणारा पाण्यात उतरतो की शिट्टी घेऊन वर उभा असतो? घाबरणाऱ्या मुलासाठी एका शिक्षकामागे तीन-चार मुलं ठीक, आठ फार झाली. तासातली किती मिनिटं मूल खरोखर पाण्यात हालचाल करतं? आणि त्यांना थेट विचारा, ‘मूल रडलं तर काय करता?’ ‘दोन दिवसांत सुतासारखं सरळ होतं’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास शोधा. सोसायटीत साडेतीन-चार फुटांचा पूल असेल आणि आई किंवा बाबांपैकी कोणी पाण्यात उतरत असेल, तर उभं राहण्यापर्यंतच्या पायऱ्या तिथेच होतात. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. २१ दिवसांची बॅच त्यानंतर लावा, आणि पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की याला डबा बांधायचा नाही.