बिल्टीचा हात

मे महिन्यात नागपुरात वॉटरकलर करून पाहा एकदा. आकाशाचा निळा हात डावीकडून ओढायला घ्यावा, तर तो चित्रातल्या अंबाझरी तलावावरून निघून सेमिनरी हिल्सला पोचायच्या आत अंबाझरीकडचा भाग वाळून खडखडीत. कूलर लावला की कागद उडतो. त्यावर वरवंटा, कुलूप, पोह्यांची बशी असं हाताला येईल ते ठेवून कागद धरून ठेवला, तर तासाभरात कूलरच्या ओलीनं तो दमट पापडासारखा वाकतो. कूलर बंद ठेवला तर चित्र टिकतं, चित्रकार टिकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या भाच्यानं हा सोहळा पाहिला. तो तिकडे ॲनिमेशन शिकतो. म्हणाला, “मामा, पेनवाला टॅब घेऊन टाका न. कागद नाही, पाणी नाही, कटकट नाही.” त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या.

माझं चित्रकलेचं शिक्षण इंटरमिजिएटपर्यंत, ए ग्रेड. सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. पुढे चित्रकला महाविद्यालयात जायचं होतं, पण वडिलांनी वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चिकटवून दिलं आणि तिथे मी सव्वीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे ट्रकनं जाणाऱ्या मालाच्या पावत्या, लिहितो आहे. बिल्टी चार प्रतींत असते, मध्ये तीन कार्बन. पहिली प्रत माल पाठवणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची, तिसरी ड्रायव्हरची आणि चौथी ऑफिसची. भांडण झालं की उघडतात ती चौथीच. तिच्यावर २२ नगांचे १२ दिसले तर मधले दहा नग कोणाच्या पगारातून जातात, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून हात असा बसला आहे की एका चेकवर सही केली तर पुढच्या तीन चेकांवर ती वाचता येते. बायको किराण्याची यादी माझ्याकडून लिहून घेत नाही. म्हणते, ओट्यावर उमटते.

बजेट ठरलं वीस हजार. मंजुरी देताना तिनं एवढंच विचारलं, “फ्रीजचं रबर यात धरून की सोडून?” मी सोडून म्हटलं. ती “बरं” म्हणाली. त्या “बरं”चं वजन लग्न झालेल्यांना मी सांगायला नको.

सुरुवात मात्र मी तीनशे रुपयांनी केली. बर्डीच्या मेन रोडवर मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या पोरानं एक पेन दाखवलं, टोकाला रबराचा काळा मणी. “काकाजी, कोन्त्याही टच स्क्रीनवर चालते.” चाललं. घरी येऊन कळलं की त्याच्या पोटात काहीच नसतं, स्क्रीनला ते बोटच वाटतं. म्हणजे तीनशे रुपये देऊन मी अकरावं बोट विकत आणलं होतं, आणि तेही माझ्या दहांपेक्षा जाड. दाबा, नका दाबू, रेघ तेवढीच. वर तळहात टेकला की तिथे वेगळी रेघ.

मग भाच्याच्या शिकवण्या सुरू झाल्या, रोज रात्री साडेनऊला, फोनवर. खऱ्या पेनाच्या दोन जाती. एका जातीत पेनाला बॅटरीच नसते. पडद्याखाली तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातलं वेटोळं त्यातूनच आपल्यापुरती वीज उचलतं आणि उलट निरोप धाडतं की मी इथे आहे, इतकं दाबलेलं आहे. (यजमानाच्या जिवावर जेवायचं आणि वर आपला ठावठिकाणाही त्यालाच कळवायचा. असे दोन पाहुणे आमच्याकडे दर लग्नसराईत उतरतात.) जपानच्या वॅकॉम कंपनीनं हे तंत्र रुळवलं, ती कंपनी १९८३ सालची. २०११ मध्ये गॅलेक्सी नोटबरोबर सॅमसंगचं एस पेन आलं, तेही याच घराण्यातलं.

दुसऱ्या जातीत पेनाला स्वतःची बॅटरी. ॲपलची पेन्सिल त्यातली. ती आयपॅडच्या डब्यात येत नाही, वेगळी घ्यायची, आणि तिच्यातही पोटजाती. स्वस्तातली यूएसबी-सीवाली घेतली तर ती दाब ओळखतच नाही. हे ऐकून मला तिच्याबद्दल जरा आपुलकीच वाटली. पण भाचा पेटला होता. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपचं नाव घेताना तो कानाच्या पाळीला हात लावतो, आणि प्रोक्रिएट चालतं फक्त आयपॅडवर. मी ॲपलच्या सूचना वाचायला घेतल्या. लिहिलं होतं, भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असेल तिथे वापरा. मेमध्ये आमच्याकडे दूधवाला जाऊन पेपर वाचून होईस्तोवर ३५ झालेले असतात, दुपारचे ४५ वेगळे. यंत्राला उन्हाळ्याची सुट्टी आणि मालकाला नाही, हे मला पटेना. (पैसेही पुरत नव्हते, पण भाच्याला मी तापमानच सांगितलं.)

मग दाबाचे आकडे आले. २०४८, ४०९६, ८१९२. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट, सावकारानं ठरवल्यासारखी. पेन हलकं टेकवलं की केसासारखी रेघ, दाबत गेलं की जाड, आणि या दोहोंच्या मध्ये इतके टप्पे ते ओळखतं. काही कंपन्या सांगतात, आमचं पेन ३ ग्रॅम भारालाही रेघ उमटवतं. आठ हजार टप्प्यांची मला भूल पडली. घेईन तर ८१९२च, असं मी ऑफिसात जाहीरही करून टाकलं. आपल्या हाताला त्यातला शेवटचा एकच टप्पा येतो, हे त्या भरात लक्षात आलं नाही.

दुकानात करायची परीक्षा भाच्यानं घोटून घेतली होती. पडद्यावर फूटपट्टी ठेवायची आणि तिला धरून तिरकी रेघ मारायची, अगदी सावकाश. आतली तारांची जाळी हलक्या प्रतीची असली तर पट्टी सरळ असूनही रेघ नागमोडी येते. दोन तारांमधली जागा टॅबला अंदाजानं काढावी लागते आणि अंदाज डुलतो. भराभर रेघ मारली तर हे लक्षात येत नाही, म्हणून सावकाश.

एका शनिवारी मुलीची लाकडी फूटपट्टी पिशवीत घालून सुभाषनगरहून मेट्रोनं सीताबर्डीला उतरलो. दुकान एसी. टेबलावर ओळीनं अकरा टॅब, प्रत्येकाला साखळी. पेन एकालाही नाही.

“पेन?”

“ड्रॉवरमध्ये आहे काकाजी. बाहेर ठेवलं का जाते ते.”

“मग काढा न.”

“चाबी सरजवळ आहे. सर जेवाले गेले.”

साडेचार वाजले होते. सर येईपर्यंत त्या पोरानं मला कॅमेरा दाखवला, चार स्पीकर ऐकवले, माझाच फोटो काढून माझे गाल गोरे करून दाखवले. मी म्हटलं, “स्क्रीन लॅमिनेटेड आहे का?”

“आपल्याकडंच करून देतो न. दीडशे रुपये.”

त्याला स्क्रीनगार्ड वाटलं. मला विचारायचं होतं ते असं, की वरची काच आणि आतला पडदा एकमेकांना चिकटवलेले आहेत का. नसले तर मध्ये फट राहते आणि रेघ टोकाखाली न उमटता जराशी आत, खोल उमटते. आमच्या न्हाणीच्या आरशावर बायकोनं चिकटवून ठेवलेली टिकली आणि आरशातली टिकली यांत जसं बारीक अंतर दिसतं, तसं. हे मी समजावून सांगितलं. पोरगं म्हणालं, “तुमाले करायचं काय आहे याच्यावर नेमकं?”

सर आले. ड्रॉवर उघडला, पेन निघालं. मी पिशवीतून फूटपट्टी काढल्याबरोबर दारावरचा वॉचमन दोन पावलं आत आला. कॉलेजची दोन पोरं मोबाईल बघायचे सोडून माझ्यामागे उभी राहिली. पट्टी ठेवली, श्वास धरला आणि रेघ ओढली, मुंगीच्या चालीनं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सरळ आली. मागून एक पोरगं “वा काकाजी” म्हणालं. तिथेच थांबायचं होतं. पण वाटलं, दाबही पाहून घ्यावा, आणि मी माझा नेहमीचा हात लावला.

पडद्यातून बारीक करकर ऐकू आली.

“काकाजी! काकाजी! हळू! डेमो पीस आहे तो!” सरांनी पेन माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि टोकावरून अंगठा फिरवून पाहिला, पोराच्या गुडघ्याला खरचटलं की आई फिरवते तसा. तो सॅमसंगचा एस ६ लाइट होता. पेन डब्यातच मिळतं, किंमत माझ्या बजेटच्या थोडी वर, आणि बायकोला थोडं समजावून मी तोच नेणार होतो. पण त्या करकरीनंतर मला टॅब दिसेना. पातळशा काचेवर रचलेल्या नोटा दिसायला लागल्या.

तिथून महालात चितार ओळीत गेलो. तिथे माझा एक वर्गमित्र आहे, खानदानी मूर्तिकार. गणपतींचं काम लागलेलं, पाय ठेवायला जागा नाही.

“काय बे, एवढ्या उन्हात?”

सगळं सांगितलं. आठ हजार टप्पे, जाळी, करकर. तो एका हातभर गणपतीच्या सोंडेवरून ओलं फडकं फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “काचीवर काढू नको तू. फोडशीन. आमच्या पोरीकडे ते काळं पाटीसारखं आहे न, कॉम्प्युटरले लावाचं, ते पाय. काच नाही, बॅटरी नाही. पन एक आहे, हात इकडे न डोळे तिकडे. मले नाही जमलं. मी डोळे लिहितो तं डोळ्यातच पाह्यतो.”

पोरीनं पाटी आणून दिली. साधं काळं प्लॅस्टिक, त्याच्यावर पेन चालवायचं आणि समोरच्या पडद्यावर बघायचं. भाचा म्हणाला होता, हे जमायला लोकांना आठवडे लागतात, म्हणून ही जात त्यानं यादीतूनच उडवली होती. मी पडद्याकडे बघत एक गणपती काढला. मग एक उंदीर. मग शेजारी माझ्या मित्राचं नाक.

“काहून बे, तुले कसं काय आलं?” मित्राचं फडकं थांबलं.

मलाही कळेना. मग ध्यानात आलं. बिल्टी लिहिताना मी बिल्टीकडे कधी बघतो? माझी नजर ट्रकवर असते, नग उतरवणाऱ्या हमालावर. खाली पाहिलं की दोन नग कमी मोजले जातात. सव्वीस वर्षं हात टेबलावर आणि डोळे ट्रकवर.

वॅकॉमची सगळ्यात लहान पाटी घेतली, चार हजारांच्या आसपास पडली. रेघ उमटते तो भाग १५२ मिलिमीटर लांब, ९५ रुंद, पोस्टकार्डाहून किंचित मोठा. दाबाचे टप्पे २०४८. ऑफिसात मी हा आकडा अजून सांगितलेला नाही. फ्रीजला नवीन रबर बसलं.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर क्रिता नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. पहिली रेघ रिंग रोडएवढी रुंद आली. भाच्याला फोन केला. त्यानं दाबाची वक्ररेषा कुठे असते ते सांगितलं. ती खाली ओढली की पेन दांडग्या हाताला समजून घेतं. “थोडी ओढा मामा.” ओढली. “अजून.” ओढली. “आता किती राह्यली?” म्हटलं, कोपऱ्याला टेकली.

त्या रात्री कूलर पूर्ण जोरात सोडून बसलो. निळा हात अंबाझरीवरून निघाला आणि थेट सेमिनरी हिल्सला जाऊन थांबला. मध्ये कुठे कड नाही, डाग नाही. हळूच पाटी उचलली आणि खाली टेबलाकडे पाहिलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “उमटलं का?”