बिल्बो उठला की हाक मार

दादरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा तावातावात, एकदा चहा पिऊन. टोल्किनच्या ‘हॉबिट’ या मुलांच्या कादंबरीवरून निघालेल्या तिन्ही सिनेमांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमा हे वेगळं माध्यम आहे, पुस्तकाची पारायणं केलेल्यांना पडद्यावरचं काही म्हणजे काही पटत नाही, आणि ‘अ‍ॅझॉग हे खलपात्र दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालं’ हे मी ठोकून दिलेलं वाक्य साफ चूक आहे.

शेवटचं आधी. चूक माझीच. पहिल्याच प्रकरणात जादूगार गँडाल्फ बुटक्यांच्या म्होरक्याला, थोरिनला, आठवण देतो, की तुझ्या आजोबांना मोरियाच्या खाणीत अ‍ॅझॉगने मारलं. नाव पुस्तकातलंच आहे. फक्त टोल्किनच्या हिशेबाने तो या गोष्टीच्या कितीतरी आधी मेलाय, आणि दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्याला तीन सिनेमे पुरवून वापरलाय. लेखात दुरुस्ती केली.

आता ‘पारायणवाले’. अहो, ही काही पोथी नाही, अक्षर हलू नये म्हणायला. खुद्द लेखकानेच हलवलंय. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत अंधाऱ्या गुहेतला गॉलम नायक बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरतो तेव्हा अंगठी बक्षीस द्यायची त्याची तयारी असते, ती सापडत नाही म्हणून बिचारा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो! ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या मोठ्या कादंबरीत ती अंगठी भलतीच जड झाली, तेव्हा १९५१मध्ये हे प्रकरण बदललं. मी फाउंटनच्या फुटपाथवरून उचललेली, विरार लोकलमध्ये चार दिवसांत संपवलेली प्रत अर्थातच नंतरची.

आणि सिनेमातला हाच प्रसंग मला पुस्तकाहून कांकणभर सरस वाटतो. डिसेंबर २०१२मध्ये भाचीला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती नऊ वर्षांची. पॉपकॉर्नचा हात तोंडाजवळ तसाच थांबलेला. गॉलम कोडी घालायला लागला तशी माझ्या कानाशी येऊन म्हणते, “मामा, ह्याला ‘पाटीलबुवा राम राम, दाढी-मिशा लांब लांब’ घाल ना, ह्याला कणीस काय माहीत!” पुढच्या रांगेतले काका वळून हसले. मग अंगठी घालून अदृश्य झालेला बिल्बो, गॉलमच्या मानेशी रोखलेली तलवार. पुस्तकात इथे बिल्बोच्या मनातले विचार आहेत. सिनेमातला बिल्बो, मार्टिन फ्रीमन, नुसत्या चेहऱ्यावर ते करतो आणि तलवार खाली घेतो. पॉपकॉर्न पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

सिनेमासाठी नव्याने घडवलेल्या टॉरिएल या एल्फ योद्धीबद्दलही माझी कुरकुर नाही. बिल्बोच्या आईचा उल्लेख सोडला तर पुस्तकात बाई औषधालाही सापडत नाही. भाचीची ती लाडकी आहे, विषय संपला.

माझं दुखणं आहे ते तिसऱ्या भागातल्या लढाईचं, ते तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. पुस्तकात पाच सैन्यांची लढाई ऐन भरात येते, गरुड येताना दिसतात आणि बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो. डोळे उघडतो तेव्हा सगळं संपलेलं. कोण कसं पडलं, ते त्याला इतरांकडून कळतं. लिहिणारा माणूस १९१६मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर होता. खरी लढाई पाहिलेला माणूस मुलांच्या गोष्टीत नायकाला ऐन वेळी झोपवतो, हे मला फार मोठं वाटतं. गोष्ट त्या छोट्या माणसाच्या उंचीवरून दिसते, आणि त्याला दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही.

सिनेमातही बिल्बो बेशुद्ध पडतो. कॅमेरा मात्र शुद्धीवर राहतो. मग या पुस्तकात नसलेला लेगोलास नावाचा एल्फ कोसळत्या दगडांवरून पायऱ्या चढल्यासारखा वर जातो आणि आपण घड्याळ बघतो. तिन्ही भाग मिळून ४७४ मिनिटं होतात, दादरकर. आठ तासांना सहा कमी.

“भाचीला आवडला ना, मग तुमचं काय जातंय?” असं तुम्ही विचारलंयत. आता ती नोकरीला लागलीय. गेल्या रविवारी तिच्याच मुलुंडच्या घरी तिसरा भाग पुन्हा लावला होता. लढाई सुरू झाली तशी ती उठली, पोहे भिजवायला स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, थांबवू का? आतून आवाज आला, “नको, चालू दे. बिल्बो उठला की हाक मार.”