दुबईला निघालेल्या बायकांना घाबरवणारा तो मेसेज

‘दुबईला जाणाऱ्या माता-भगिनींसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: विमानतळावर उतरल्यापासून डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं आहे. टिकली-मंगळसूत्र दिसलं तर दंड होतो. पोट दिसतं म्हणून साडीला बंदी आहे. सगळ्या मुस्लिम देशांत हेच नियम आहेत. आणि कपडे ‘नीट’ नसताना कुणी छेड काढली तर पोलीस बाईलाच आत टाकतात, तेव्हा तक्रारीच्या फंदात पडू नका.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाली आहे. हा मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिने मला फोन केला, “अगं, मंगळसूत्र काढून इथेच कपाटात ठेवू का? परक्या देशात भानगड नको.” लग्न झाल्यापासून जे तिने एक दिवस गळ्यातून उतरवलं नाही, ते कुणीतरी बसल्या जागी टाइप केलेल्या चार ओळींमुळे उतरवायला ती तयार झाली. म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. यूएईच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीच्या, दंडविधानात बाईची छेड काढणं हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आहे, दंड आहे, आणि ‘बाईने अंगभर कपडे घातले असतील तरच’ अशी अट त्यात नाही. दुबई मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा भाग राखलेला असतो, त्यात पुरुष शिरला तर त्याला १०० दिरहम दंड होतो. तातडीची मदत हवी असेल तर पोलिसांचा नंबर ९९९, बाकी तक्रारींसाठी ९०१. मावशीच्या फोनमध्ये हे दोन्ही नंबर मी भरून दिलेत.

ही भीती आली कुठून, तेही सांगायला हवं. २०१३ मध्ये नॉर्वेच्या एका तरुणीने दुबईत बलात्काराची तक्रार केली, तर उलट तिलाच विवाहबाह्य संबंध, खोटी जबानी आणि दारू पिणं अशा आरोपांखाली १६ महिन्यांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाल्यावर तिला माफी मिळाली. प्रकार भयंकर होता आणि तो कुणी विसरू नये. पण त्याचा तिच्या कपड्यांशी काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो तेव्हाच्या कायद्याशी, आणि तो कायदा बदलला. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या दंडविधानात संमतीने ठेवलेल्या विवाहबाह्य संबंधांवर नवऱ्याने, बायकोने किंवा पालकाने तक्रार केल्याशिवाय खटला होत नाही. काही वाईट घडलंच तर पोलिसांबरोबर आपल्या दुबईतल्या वाणिज्य दूतावासालाही कळवावं, एवढी सावधगिरी मला पटते. ‘तक्रारच करू नका’ हे मात्र मुळीच पटत नाही. त्याचा फायदा फक्त छेड काढणाऱ्याला होतो, आणि आपल्याच बायका हा सल्ला एकमेकींना पाठवताहेत.

आता डोकं झाकण्याचं. ब्रिटिश सरकार आपल्या नागरिकांसाठी प्रत्येक देशाची प्रवास-सूचना काढतं. ती फार सावध असते, कारण त्यांची माणसं तिथे अडकली की निस्तरावं त्यांनाच लागतं. यूएईसाठी त्यात काय आहे? मॉलसारख्या सार्वजनिक जागी बायकांनी साधे, सभ्य कपडे घालावेत, हातांचे दंड आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात, पोहण्याचे कपडे समुद्रकिनारी किंवा तलावावरच घालावेत. संपलं. डोक्यावर ओढणीची सक्ती त्यात कुठेही नाही. आपला पंजाबी ड्रेस या सूचनेत सहज बसतो. रमजानमध्ये थोडं जास्त भान ठेवावं, इतकंच.

डोकं झाकायचं ते मशिदीत. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांना डोक्यावर ओढणी, लांब बाह्या आणि घोट्यापर्यंत सैल कपडे लागतात. त्याच अबू धाबीत फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलेल्या बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेच्या हिंदू मंदिराचा नियमही वाचा: मान, कोपर आणि घोटे यांच्यामधलं अंग झाकलेलं हवं. देवाच्या दारी दोन्हीकडे अपेक्षा जवळजवळ सारखीच आहे.

टिकली-मंगळसूत्राबद्दल फार लिहीत नाही. असा कुठलाही नियम नाही. दुबईतल्या देरा भागातल्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात, मंगळसूत्रं काचेआड टांगून विकायला असतात आणि बर दुबईच्या मीना बाजारात साड्यांची दुकानं आहेत.

साडीच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागेल. शारजा हे यूएईतलंच वेगळं अमिरात, म्हणजे राज्य, आहे, दुबईला अगदी लागून, आणि भाडं कमी म्हणून आपली बरीच कुटुंबं तिथे राहतात. तिथल्या २००१ च्या सभ्यतेच्या नियमांनुसार पोट-पाठ उघडी टाकणारे, गुडघ्याच्या वर जाणारे, घट्ट किंवा पारदर्शक कपडे सार्वजनिक जागी चालत नाहीत. म्हणजे मेसेजमध्ये तथ्याचा एक कण आहे. पण साडीवर बंदी तिथेही नाही. पदर पोटावरून नीट घेऊन पिन लावायची आणि खोल गळ्याच्या पाठीचं ब्लाउज घरी ठेवायचं. मावशीची ब्लाउजं तशीही कोपरापर्यंत बाह्यांची असतात.

‘सगळ्या मुस्लिम देशांत एकच नियम’ हे लिहिणाऱ्याने नकाशा तरी उघडायचा होता. इराणमध्ये हिजाब परदेशी बाईलाही कायद्याने सक्तीचा आहे, आणि त्याच सक्तीपायी सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना महसा अमिनी या तरुणीचा जीव गेला. सौदीने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला तेव्हाच परदेशी बायकांना अबाया, म्हणजे अंगभर झगा, सक्तीचा नसल्याचं जाहीर केलं. मोरोक्कोने २०१७ मध्ये बुरखे शिवण्या-विकण्यावरच बंदी घातली. तुर्कस्तानात २०१३ पर्यंत सरकारी कचेरीत स्कार्फ बांधून नोकरी करता येत नव्हती. ताजिकिस्तानने तर २०२४ मध्ये हिजाबच्याच विरोधात कायदा केला. कुठे सक्ती, कुठे बंदी, कुठे दोन्ही नाही. ज्या देशात जायचं त्याचा नियम वाचायचा, शेजारच्याचा नव्हे.

आणि जिथे खरोखर तुरुंगाची वेळ येऊ शकते, त्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नाही! यूएईत खसखस न्यायला बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांच्या नियमात येते. बाळंतिणीला भेटायला निघालेली मराठी आई बॅगेत काय भरते? डिंकाचे लाडू, त्यात खसखस. अनारसे, त्यांना वरून खसखस. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं यांच्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी. मावशीच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं मी कालच एकेक करून वाचली. लाडू ती खसखस न घालता करणार आहे, अनारसे तिळावर थापणार आहे, आणि मंगळसूत्र गळ्यात घालूनच जाणार आहे.