‘व्हेरियस’ लिहून पुढे जावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतले कर विवरणपत्र भरताना ब्रोकरकडून टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केलेल्या शेअरविक्रीत खरेदीची तारीख रिकामी राहिली तर काय करावे, या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली. तिला चार ओळींत उत्तर द्यायचे ठरवले होते, पण ते लांबत गेले, म्हणून स्वतंत्रपणे देत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: “एवढा पसारा कशासाठी? तारीख रिकामी दिसली की ‘व्हेरियस’ (म्हणजे वेगवेगळ्या तारखा) निवडा आणि पुढे जा. मी सात वर्षे हेच करतो आहे, आयआरएसचे (अमेरिकेच्या कर खात्याचे) एकही पत्र आलेले नाही. साध्या गोष्टीचा बाऊ करून लोकांना घाबरवण्याचा हा प्रकार आहे. शिवाय तुमचे एक वर्षाचे उदाहरण चुकले आहे, वारसाने आलेल्या शेअर्सबद्दल एक अक्षर नाही आणि स्क्रीनची चित्रेही जुनी आहेत.”

जे चुकले ते आधी मान्य करतो. ५ मार्च २०२४ रोजी घेतलेला शेअर ५ मार्च २०२५ रोजी विकल्यास नफा दीर्घकालीन ठरतो, असे मी लिहिले होते. ते चूक होते. शेअर किती काळ जवळ होता हे मोजताना खरेदीचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करतात आणि विक्रीचा दिवस धरतात. त्यामुळे ‘एका वर्षाहून अधिक’ होण्यासाठी ती विक्री ६ मार्चची किंवा त्यानंतरची असायला हवी होती. लेखात दुरुस्ती केली आहे. एवढे मात्र नोंदवतो, की हीच चूक आपण साध्या शब्दांत दाखवली असती तरी मी ती तितक्याच तत्परतेने सुधारली असती.

आता ‘घाबरवण्याचा प्रकार’. मी तो लेख आज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात ‘दंड’ हा शब्द एकदाही नाही. ‘नोटीस’ हा शब्द एकदा आहे आणि त्याच वाक्यात, रिकामी तारीख हे नोटीस येण्याचे कारण सहसा नसते, असे स्पष्ट लिहिले आहे. कोणाला घाबरवायचेच असते तर मी ते वाक्य लिहिले नसते. लेख पसरट वाटला, कंटाळवाणा वाटला, हे मी ऐकून घेईन. पण माझ्या हेतूबद्दल बोलण्यापूर्वी तो पूर्ण वाचला जावा, इतकी अपेक्षा कोणताही लिहिणारा ठेवतो. आपली प्रतिक्रिया वाचून मला तशी खात्री वाटली नाही.

कारण ‘व्हेरियस’बद्दल त्या लेखात संपूर्ण परिच्छेद आहे. शेअरविक्रीचा नफातोटा ज्यावर दाखवतात त्या फॉर्म ८९४९च्या सूचनांमध्ये हा शब्द वापरायला परवानगी आहे, ती वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शेअर एकाच ओळीत विकले असतील तर. परंतु त्याच सूचना पुढे असेही सांगतात, की एक वर्ष किंवा त्याहून कमी काळ जवळ असलेल्या शेअर्सचा नफातोटा पहिल्या भागात आणि त्याहून जास्त काळ असलेल्यांचा दुसऱ्या भागात दाखवला पाहिजे. म्हणजे ‘व्हेरियस’ हा शब्द अनेक तारखांच्या जागी चालतो. त्या तारखा वर्षाच्या कोणत्या बाजूला पडतात, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर विवरणपत्र भरणाऱ्यालाच द्यावे लागते, कारण ‘व्हेरियस’ निवडल्यावर सॉफ्टवेअर लगेच अल्पकालीन की दीर्घकालीन हे विचारते. आपण तेथे काय निवडता, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, आणि माझा सगळा लेख त्या एका निवडीबद्दल आहे.

आपल्या बाजूने जे आहे ते नाकारत नाही. ब्रोकर विक्रीची माहिती ज्या फॉर्मवर देतो त्या १०९९-बीच्या १बी या रकान्यात खरेदीची तारीख येते. विकलेले शेअर अनेक तारखांना घेतलेले असतील तर ब्रोकर तो रकाना रिकामा सोडू शकतो आणि २ या रकान्यात मुदत (अल्पकालीन की दीर्घकालीन) तेवढी नोंदवतो. अशा ओळीला ‘व्हेरियस’ लिहून ब्रोकरने दिलेली मुदत ठेवली की काम झाले. पण ज्या ओळीवर ५ या रकान्यात खूण आहे, म्हणजे जी ‘नॉनकव्हर्ड’ आहे (जिची खरेदीची माहिती आयआरएसला कळवण्याचे बंधन ब्रोकरवर नाही), तिच्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि मुदत हे तिन्ही रकाने रिकामे असू शकतात. तेथे ब्रोकर आपल्याला काहीच सांगत नाही.

यावर आपण म्हणाल, की नॉनकव्हर्ड म्हणजे १ जानेवारी २०११पूर्वी घेतलेले शेअर, ते आज दीर्घकालीनच असणार, मग शोधायचे काय? शेअर खरोखर तितके जुने असतील तर हे बरोबर आहे. मात्र नॉनकव्हर्ड म्हणजे जुनेच, असे समीकरण नाही. एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे खाते हलवताना जुन्या ब्रोकरने खरेदीची माहिती पुढे पाठवायची असते. ती पोहोचली नाही तर नवा ब्रोकर ते शेअर नॉनकव्हर्ड धरू शकतो, मग ते आठ महिन्यांपूर्वी घेतलेले का असेनात. परदेशातल्या खात्यातून आणलेल्या शेअर्सचेही असे होऊ शकते. या ओळी स्क्रीनवर वीस वर्षांपूर्वीच्या ओळींसारख्याच दिसतात, आणि त्यांना सरसकट दीर्घकालीन ठरवणे म्हणजे अंदाजावर सही करणे होय.

फरक किती पडतो, तेही पाहू. ८,००० डॉलरचा नफा आहे आणि भरणारा २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे असे धरा. अल्पकालीन ठरला तर कर १,७६० डॉलर; दीर्घकालीन ठरून १५ टक्के लागले तर १,२०० डॉलर. एका निवडीने ५६० डॉलर इकडचे तिकडे होतात. शिवाय चूक नेहमी आपल्या फायद्याचीच होते असे नाही. शंका नको म्हणून सगळ्या ओळी अल्पकालीन दाखवणारी आणि दरवर्षी जास्त कर भरणारी माणसेही मी पाहिली आहेत. माझा लेख त्यांच्यासाठीही होता.

हे मी पुस्तकात वाचून लिहिलेले नाही. २०११ हे फॉर्म ८९४९चे पहिलेच वर्ष. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मी एक म्युच्युअल फंड पूर्ण विकला. फंडांच्या खरेदीची किंमत कळवण्याचे बंधन ब्रोकरवर १ जानेवारी २०१२पासूनच्या खरेदीसाठी आले, त्यामुळे माझी सगळी ओळ तारखेविना इम्पोर्ट झाली. मी ‘व्हेरियस’ निवडले, दीर्घकालीन निवडले आणि पुढे गेलो. आपण आज सांगता तेच मी तेव्हा केले. पत्र आले नाही. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी जुनी स्टेटमेंट काढली तेव्हा लक्षात आले, की त्या फंडाचा लाभांश दर तिमाहीला पुन्हा गुंतवला जात होता, आणि प्रत्येक पुनर्गुंतवणूक ही स्वतंत्र तारखेची स्वतंत्र खरेदी असते. शेवटच्या वर्षातल्या सर्व खरेद्या अल्पकालीन होत्या. मी १०४०-एक्स भरून सुधारित विवरणपत्र दिले, उरलेला कर व्याजासह भरला आणि त्या तारखा जुळवण्यात तीन संध्याकाळी घालवल्या. रक्कम लहान होती, पण आधीच्या विवरणपत्रावरची सही माझी होती. त्यानंतर दर मार्चमध्ये ओळखीच्या लोकांच्या १०९९-बीवरच्या ओळी त्यांच्याबरोबर बसून तपासत आलो आहे. ‘साधी गोष्ट’ हे शब्द ज्याला लिहावेसे वाटतात, त्याने अशा एका तरी संध्याकाळी शेजारी बसून पाहावे.

सात वर्षांत पत्र न आल्याचा आपला पुरावाही म्हणूनच मला पटत नाही. आयआरएसचे संगणक ब्रोकरने कळवलेले आकडे विवरणपत्राशी ताडून पाहतात आणि तफावत असेल तर सीपी२०००सारखे पत्र जाते. नॉनकव्हर्ड ओळीत ब्रोकरवर विक्रीची रक्कम कळवण्याचे बंधन असते. तारीख आणि खरेदीची किंमत त्याने कळवलेलीच नसेल तर ताडायचे कशाशी? तेथे पत्र येत नाही ते नोंद बरोबर आहे म्हणून नव्हे, तर तपासायला समोर काही नसते म्हणून.

मी लेखात सुचवलेला मार्ग आपण ‘पसारा’ ठरवलात, म्हणून तो पुन्हा सांगतो. आधी ब्रोकरचे मूळ १०९९-बी उघडून पाहावे, कारण अनेकदा तारीख तेथे छापलेली असते आणि इम्पोर्ट होतानाच गळते. तेथे नसेल तर त्याच कागदपत्रांच्या शेवटच्या पुरवणी पानांवर पाहावे. आयआरएसला न कळवलेली तारीख आणि किंमत ब्रोकर कित्येकदा तेथे देतात. नंतर जुनी स्टेटमेंट, खरेदीच्या पावत्या आणि खाते हलवले असेल तर पहिल्या ब्रोकरच्या नोंदी. नोकरीतल्या मोबदल्याचा भाग म्हणून कंपनीकडून मिळालेल्या शेअर्सची, म्हणजे आरएसयूची, तारीख म्हणजे ते वेस्ट झाले, अर्थात पक्के आपल्या मालकीचे झाले, तो दिवस. शेअरचे विभाजन झाले म्हणून तारीख बदलत नाही. एका ओळीत दोन्ही मुदतींचे शेअर निघाले तर तिच्या दोन ओळी कराव्यात आणि दोन्हींच्या विक्रीच्या रकमांची बेरीज मूळ रकमेइतकी राहील हे पाहावे. एवढेच आहे.

वारसाने आलेल्या शेअर्सचा विषय वेगळा आहे. तेथे तारखेच्या जागी ‘इनहेरिटेड’ लिहितात आणि नफा दीर्घकालीनच धरला जातो, म्हणून रिकाम्या तारखेवरच्या लेखात तो घेतला नाही. स्क्रीनची चित्रे जुनी आहेत हे खरे. रकान्यांची नावे तीच आहेत.

आपल्या सात विवरणपत्रांत ‘व्हेरियस’ लिहिलेल्या ओळींपैकी किती नॉनकव्हर्ड होत्या आणि त्यांतल्या कितींची मुदत आपण स्टेटमेंटवरून ठरवली, एवढे कृपया कळवावे. सगळ्यांची ठरवली असेल, तर आपण माझाच मार्ग वापरला आहे आणि मग त्या प्रतिक्रियेतले पहिले वाक्य आपण मागे घ्यावे, अशी माझी विनंती आहे.